जुन्या गाडीला इलेक्ट्रिक फ्यूल पंप बसवताना : नवशिक्यांसाठी मार्गदर्शन

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात ज्यांच्या दारात अजून प्रीमियर पद्मिनी, अँबॅसेडर किंवा जुनी पेट्रोल जीप उभी आहे, त्यांची गाडी दोन प्रसंगी हमखास अडते. पहिला प्रसंग पावसाळ्यानंतरचा. मृगापासून गणपतीपर्यंत झाकून ठेवलेली गाडी बाहेर काढावी, तर कार्बोरेटरच्या (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणाऱ्या भागाच्या) वाटीतील पेट्रोल उडून गेलेले असते आणि जुना पंप टाकीतून पेट्रोल ओढून पुढे आणेपर्यंत सेल्फ मारून मारून बॅटरी बसते. दुसरा प्रसंग एप्रिल-मे महिन्यांतला. गोव्याहून परतताना चोर्ला घाटात एखाद्या भरलेल्या ट्रकच्या मागे दुसऱ्या गिअरमध्ये रांगत चढावे लागते, बॉनेटखाली हवा खेळत नाही, पेट्रोलची नळीतच वाफ होते आणि इंजिन आचके देऊन बंद पडते. या दोन्ही दुखण्यांवर टाकीजवळ बसवलेला विजेवरचा पंप हा चांगला उपाय आहे. मात्र तो बसवण्याचे काम दिसते तितके नळी कापून जोडण्यापुरते नाही, आणि त्यातील सर्वांत महत्त्वाचा भाग बहुतेक वेळा सर्वांत घाईने उरकला जातो. म्हणून हा लेख.

जुन्या गाडीतील मूळ पंप, ज्याला आपल्याकडच्या गॅरेजांत एसी पंप म्हणतात, तो इंजिनाला चिकटलेला असतो आणि कॅमशाफ्ट या इंजिनातील फिरत्या दांड्याच्या हालचालीवर चालतो. त्याच्या आतील डायफ्रॅम, म्हणजे लवचिक पडदा, वरखाली होतो, टाकीतून पेट्रोल ओढतो आणि कार्बोरेटरकडे ढकलतो. या रचनेत एक मोठा गुण आहे : इंजिन थांबले की पंपही थांबतो. अपघात झाला, इंजिन बंद पडले, तर पेट्रोलचा पुरवठा आपोआप तुटतो. विजेच्या पंपात हा गुण अंगभूत नसतो. किल्ली चालू असेपर्यंत तो चालतच राहतो, मग पुढची नळी तुटलेली असो वा गाडी कलंडलेली असो. म्हणून माझ्या मते हा पंप बसवणाऱ्याने आपले निम्मे लक्ष तो चालेल कसा यावर आणि निम्मे तो वेळेवर थांबेल कसा यावर दिले पाहिजे. दुसऱ्या निम्म्याची तयारी नसेल, तर जुना एसी पंप दुरुस्त करून घेणे अधिक शहाणपणाचे आहे.

आधी दुखणे नेमके ओळखावे

नवा पंप विकत घेण्यापूर्वी दोष पंपातच आहे याची खात्री करून घ्यावी. टाकीच्या झाकणातील हवेचे छिद्र बुजलेले असेल, तर पेट्रोल ओढले जाताना टाकीत निर्वात तयार होतो आणि काही किलोमीटरनंतर पुरवठा मंदावतो. अशा वेळी झाकण सैल करून गाडी चालवून पाहिली की उत्तर मिळते. टाकी आणि पंप यांच्यामधल्या रबरी नळीला बारीक चीर असेल, तर तिच्यातून पेट्रोल गळताना दिसतेच असे नाही, कारण त्या भागात पेट्रोल ढकलले जात नाही, ओढले जाते. तिथून हवा आत शिरते आणि पंप पेट्रोलऐवजी हवाच ओढत बसतो. टाकीतील गंजाचा चुरा तोंडाशी साचणे हे तर चाळीस-पन्नास वर्षांच्या गाडीत नित्याचे आहे. यांपैकी कोणताही दोष असताना विजेचा पंप बसवला, तर दोष तसाच राहतो आणि नवा पंपही लवकर खराब होतो.

एसी पंपाची साधी परीक्षा अशी. इग्निशन कॉइलची वायर काढून ठेवावी, म्हणजे ठिणगी पडणार नाही. कार्बोरेटरकडे जाणारी नळी काढून पत्र्याच्या डब्यात सोडावी आणि दुसऱ्या व्यक्तीला सेल्फ मारण्यास सांगावे. प्रत्येक ठोक्याला पेट्रोलची ठसठशीत पिचकारी आली, तर पंप ठीक आहे. याच वेळी इंजिन ऑइलची पट्टी काढून वास घ्यावा. ऑइलला पेट्रोलचा वास येत असेल किंवा पातळी न भरताच वाढलेली असेल, तर डायफ्रॅम फाटून पेट्रोल ऑइलमध्ये उतरत असण्याची दाट शक्यता आहे. पातळ झालेले ऑइल बेअरिंग खाते. अशा स्थितीत गाडी चालवू नये आणि ऑइल बदलल्याशिवाय पुढचे कामही करू नये.

कोणता पंप घ्यावा

दुकानात गेल्यावर पहिला प्रश्न दाबाचा असावा. कार्बोरेटरच्या गाडीला साधारणपणे दोन ते साडेतीन पीएसआय (पाउंड प्रति चौरस इंच) इतकाच दाब लागतो. एसयू जातीच्या कार्बोरेटरला त्याहूनही थोडा कमी चालतो. आजच्या इंजेक्शनच्या गाड्यांचे पंप मात्र चाळीस पीएसआय आणि त्याहून अधिक दाबाचे असतात. भंगारातून किंवा मित्राकडून मिळालेला असा पंप जुन्या गाडीला लावण्याचा मोह अनेकांना होतो, पण तो कदापि लावू नये. कार्बोरेटरच्या वाटीत येणारे पेट्रोल एका बारीक सुईने अडवलेले असते. दाब वाढला की ती सुई बसत नाही, वाटी भरून वाहते आणि पेट्रोल तापलेल्या मॅनिफोल्डवर सांडते. गाडीला आग लागण्याचा याहून सरळ मार्ग नाही.

पंपाच्या क्षमतेची मात्र फारशी चिंता करू नये. पद्मिनीचे १०८९ सीसीचे किंवा अँबॅसेडरचे १४८९ सीसीचे इंजिन पूर्ण जोर लावूनही ताशी पंधरा लिटरच्या आसपासच पेट्रोल पिते, आणि बाजारातील साधा कमी दाबाचा पंपही त्याच्या कितीतरी पट देतो. त्यामुळे ‘मोठा पंप घेतला म्हणजे गाडी जास्त पळेल’ ही समजूत मनातून काढून टाकावी. इंजिन जितके पेट्रोल मागते तितकेच घेते. जास्तीचे दिल्याने ताकद वाढत नाही.

या कामासाठी मिळणारे पंप प्रामुख्याने दोन प्रकारचे असतात. एक चौकोनी डबीसारखा, आत विद्युतचुंबकावर दट्ट्या मागेपुढे होणारा, किल्ली फिरवताच टकटक आवाज करणारा. दुसरा फिरत्या पात्यांचा, एकसारखा गुणगुणणारा. नवशिक्याने पहिला घ्यावा असे मी सुचवेन. तो स्वस्त असतो, त्याचा दाब मुळातच कमी असतो आणि कार्बोरेटरची वाटी भरली की त्याची टकटक मंदावते, त्यामुळे पुरवठ्याची स्थिती कानाला कळते. दुसऱ्या प्रकारच्या काही पंपांना दाब उतरवणारा रेग्युलेटर वेगळा लावावा लागतो.

खोक्यावर तीन गोष्टी पाहाव्यात : दाब, १२ व्होल्ट आणि इथेनॉलमिश्रित पेट्रोल चालते असा स्पष्ट उल्लेख. यातील तिसरी गोष्ट आता टाळता येण्यासारखी नाही. फेब्रुवारी २०२३ पासून २० टक्के इथेनॉल असलेले पेट्रोल देशात विक्रीला आले आणि आज रस्त्यावरच्या सर्वसाधारण पेट्रोल पंपावर तेच मिळते. आपला जिल्हा उसाचा आहे. इथल्या साखर कारखान्यांना इथेनॉलमुळे आधार मिळाला ही चांगलीच गोष्ट आहे. पण जुन्या गाडीतील रबर, डायफ्रॅम आणि पॅकिंग ज्या काळात बनले, त्या काळी या इंधनाचा विचार केलेला नव्हता. इथेनॉलने जुने रबर फुगते, मऊ पडते आणि त्याचे कण सुटून जेटमध्ये, म्हणजे कार्बोरेटरच्या बारीक छिद्रांत, अडकतात. शिवाय ते हवेतील ओलावा शोषून घेते, आणि खानापूरच्या पावसाळ्यात टाकी अर्धी रिकामी ठेवली तर तळाशी पाणी वेगळे होण्याची शक्यता वाढते.

आणखी एक गोष्ट विकत घेण्याआधीच पाहावी. १९६० च्या दशकापर्यंतच्या अनेक ब्रिटिश वंशाच्या गाड्यांत बॅटरीचे धन टोक बॉडीला जोडलेले असते; याला धन अर्थिंग म्हणतात. अशा गाडीत इलेक्ट्रॉनिक सर्किट असलेला साधा पंप सरळ जोडला, तर तो जळू शकतो. बॅटरीचे कोणते टोक बॉडीला गेले आहे हे डोळ्यांनी पाहावे, मल्टीमीटरने तपासावे आणि धन अर्थिंग असेल तर त्यासाठी बनवलेलाच पंप घ्यावा. पुढील वायरिंगचे वर्णन ऋण अर्थिंगच्या गाडीसाठी आहे.

काम सुरू करण्यापूर्वी

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि जमिनीलगत पसरत जाऊन खड्ड्यात साचते. म्हणून हे काम बंद शेडमध्ये किंवा गाडीखालच्या खड्ड्यात उतरून करू नये. अंगणात, मोकळ्या हवेत करावे. शेजारी स्वयंपाकाची शेगडी, देवघरातील समई, पाणी तापवण्याचा बंब यांपैकी काहीही पेटलेले नसावे. पावडरचे अग्निशामक नळकांडे हाताशी ठेवावे, आणि ते वापरायचे कसे हे आधीच वाचून ठेवावे. इंजिन पूर्ण थंड असावे. सर्वप्रथम बॅटरीचे अर्थिंगचे टोक काढावे. गाडी जॅकवर उचलून तशीच ठेवू नये, विटांवर तर नाहीच. दोन्ही बाजूंना लोखंडी घोड्या लावून गाडी हलवून पाहावी आणि मगच खाली जावे. टाकीत पेट्रोल जितके कमी, तितके काम सोपे जाते; उरलेले पत्र्याच्या झाकणाच्या डब्यात काढून दूर ठेवावे.

टाकी आणि नळ्या

टाकीच्या तळाशी तपकिरी चुरा किंवा जुन्या पेट्रोलचा चिकट थर दिसला, तर टाकी उतरवून साफ करून घेण्यावाचून गत्यंतर नाही. हे काम घरी करू नये. रिकाम्या टाकीत राहिलेली वाफ भरलेल्या टाकीपेक्षा अधिक धोकादायक असते, आणि टाकीला डाग देणारा किंवा वेल्डिंग करणारा कारागीर ती आधी नीट धुऊन घेतो की नाही हे पाहूनच त्याच्याकडे सोपवावी.

जुन्या सगळ्या रबरी नळ्या बदलाव्यात. दुकानात फक्त ‘पेट्रोल पाईप’ मागितला तर साधी काळी नळी हातात पडते. त्याऐवजी अंगावर एसएई जे३० आर९ असा छाप असलेली, इथेनॉल सोसणारी नळी मागून घ्यावी. ती महाग असते, पण एखाद-दोन मीटरच लागते, म्हणून तिथे काटकसर करण्यात अर्थ नाही. पारदर्शक प्लास्टिकची नळी दिसायला सोयीची असली तरी उष्णतेने कडक होऊन तडकते. नळीचा आतील व्यास धातूच्या पाइपाच्या बाहेरील व्यासाशी जुळला पाहिजे. मापाच्या पट्टीऐवजी व्हर्निअरने मोजावे. धातूच्या पाइपाच्या टोकाला फुगवटा नसेल, तर बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतील एखाद्या वर्कशॉपमध्ये तो काढून घ्यावा, कारण गुळगुळीत टोकावरून नळी दाबाने सरकते. क्लिप पेट्रोलच्या नळीसाठी असलेल्या, सर्व बाजूंनी सारखे दाबणाऱ्या घ्याव्यात. दातेरी पट्टीची रुंद क्लिप बारीक नळीला कापते.

रबरी नळी जिथे अटळ तिथेच आणि आखूड असावी. टाकीपासून इंजिनपर्यंतचे मोठे अंतर धातूच्या पाइपानेच कापावे, आणि कोणतीही जोडणी प्रवासी बसतात त्या भागातून जाऊ देऊ नये.

पंपाची जागा

विजेचा पंप ढकलण्यात जितका तरबेज असतो, तितका ओढण्यात नसतो. म्हणून तो टाकीच्या जवळ आणि शक्य तर टाकीच्या तळाच्या पातळीला किंवा त्याहून खाली बसवावा. घाटातले दुखणे बरे होण्याचे कारणही याच जागेत आहे. जुना पंप तापलेल्या इंजिनाला चिकटून पेट्रोल ओढतो. ओढणीमुळे नळीतील दाब कमी होतो आणि दाब कमी झाला की पेट्रोल कमी तापमानालाच उकळू लागते. त्यात बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटर उंचीवर असल्याने इथला हवेचा दाब कोकणापेक्षा थोडा कमीच असतो. मागून ढकललेल्या पेट्रोलवर उलट दाब असतो, त्यामुळे त्याची वाफ सहजी होत नाही. तोच पंप कोणी सोय म्हणून बॉनेटखाली बसवला, तर खर्च होतो आणि दुखणे तसेच राहते.

अँबॅसेडरसारख्या गाडीत मागच्या बाजूला चासीच्या आतल्या अंगाला जागा सापडते. जुन्या जीपमध्ये टाकी चालकाच्या आसनाखालीच असते, तेव्हा जवळच्या चासीच्या पट्टीवर, पण आसनाच्या पोकळीबाहेर पंप लावावा. जागा ठरवताना सायलेन्सरचा पाइप दूर आहे ना, मागचा ॲक्सल वर आल्यावर पंपाला टेकणार नाही ना आणि चाकाने उडवलेला दगड थेट लागणार नाही ना, हे तीनही पाहावे. जांबोटी-कणकुंबीकडच्या पावसात चिखलाचा मारा किती असतो हे वेगळे सांगायला नको. पंप चासीला थेट न आवळता रबरी बुशांवर बसवावा. नाही तर त्याची टकटक पूर्ण गाडीत घुमते. मात्र रबरामुळे पंपाच्या अंगाला अर्थिंग मिळत नाही, म्हणून अर्थिंगची वायर वेगळी द्यावी लागते. बॉडीवरील प्रवाहाची दिशा दाखवणारा बाण इंजिनाकडे असावा, आणि उभा की आडवा कसा बसवायचा हे पंपासोबतच्या कागदावर दिलेले असते, ते पाळावे.

पंपाच्या आधी एक फिल्टर लावावा, जो टाकीतील गंज अडवेल. तो फार बारीक जाळीचा असू नये, कारण ओढणीच्या बाजूला अडथळा झाला की पंप उपाशी राहतो. दुसरा बारीक फिल्टर कार्बोरेटरच्या अलीकडे, उष्णतेपासून दूर लावावा. पहिल्या महिन्यात दोन्ही फिल्टर वारंवार पाहावेत. नवा पंप टाकीतील वर्षानुवर्षांचा गाळ हलवतो.

जुन्या पंपाचे काय करावे

काही जण एसी पंप तसाच ठेवून त्याच्यामागे विजेचा पंप जोडतात. हे मला पटत नाही. जुन्या पंपाचा डायफ्रॅम एके दिवशी फाटणारच, आणि त्या दिवशी मागचा पंप इंजिनातील ऑइलमध्ये पेट्रोल ओतत राहील. म्हणून जुना पंप उतरवावा आणि त्या भोकावर पॅकिंग घालून जाड पत्र्याची पट्टी आवळावी. काही इंजिनांत पंपामागे एक सुटा दांडा असतो. तो आत राहिला तर खडखडतो, म्हणून तोही काढून ठेवावा. पट्टीला लागणारा पत्रा सपाट हवा, नाही तर ऑइल गळते. उतरवलेला पंप, बोल्ट आणि दांडा एका डब्यात नीट जपून ठेवावेत. २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांपेक्षा जुन्या आणि मूळ स्वरूपात राखलेल्या गाड्यांसाठी व्हीए मालिकेची वेगळी नोंदणी आहे. ज्यांना ती घ्यायची आहे त्यांनी या कामात चासीला नवी भोके पाडू नयेत, असलेल्याच भोकांचा वापर करावा आणि गाडी केव्हाही पूर्ववत करता येईल असे पाहावे.

वायरिंग

आता या कामाच्या गाभ्याकडे येऊ. सर्वांत सोपी, आणि म्हणूनच सर्वत्र दिसणारी जोडणी म्हणजे किल्लीच्या स्विचपासून एक वायर थेट पंपाला. ती चालते, पण दोन कारणांनी चुकीची आहे. जुन्या इग्निशन स्विचच्या झिजलेल्या पट्ट्यांवर जादा भार पडतो. आणि अपघातात किल्ली चालूच राहिली, तर पंप थांबवणारे काहीच उरत नाही.

योग्य जोडणीत रिले, म्हणजे थोड्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारा स्विच, वापरावा. त्याच्या पायांवर आकडे छापलेले असतात. बॅटरीच्या धन टोकापासून, अगदी जवळच फ्यूज लावून, जाड वायर ३० क्रमांकाच्या पायाला आणावी. ८७ क्रमांकापासून वायर मागे पंपाकडे न्यावी. ८६ ला इग्निशनची वायर आणि ८५ ला अर्थिंग द्यावे. छोटा पंप एक-दोन अँपिअरच घेतो, त्यामुळे १.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर पुरते आणि फ्यूज पंपाच्या कागदावर सांगितलेलाच असावा. जळणाऱ्या फ्यूजच्या जागी मोठा फ्यूज किंवा तार घालणे म्हणजे वायरीलाच फ्यूज बनवणे होय.

साध्या रिलेने पहिले कारण दूर होते, दुसरे नाही. त्यासाठी इग्निशनचे ठोके ओळखणारा रिले घ्यावा. त्याला एक जादा वायर असते, ती कॉइलच्या ऋण टोकाला, म्हणजे जिथून डिस्ट्रिब्युटरच्या पॉइंटकडे वायर जाते तिथे, जोडतात. इंजिन फिरत असेपर्यंत तिथून ठोके येतात आणि रिले पंप चालू ठेवतो. इंजिन थांबले की ठोके थांबतात आणि क्षणभरात पंपही बंद होतो. किल्ली फिरवताच एक-दोन सेकंद पंप चालवून नळी भरण्याची सोयही अशा अनेक रिलेंत असते. त्याच्या पायांची मांडणी साध्या रिलेपेक्षा वेगळी असू शकते, म्हणून सोबतची आकृती पाहिल्याशिवाय जोडू नये.

असा रिले न मिळाल्यास ऑइलच्या दाबावर चालणारा स्विच वापरता येतो, पण इथे एक गफलत होते. गाडीतला ऑइलच्या लाल दिव्याचा स्विच दाब नसताना जोडलेला आणि दाब आल्यावर तुटलेला असतो. पंपाला नेमके याच्या उलट हवे असते. त्यामुळे तीन टोकांचा वेगळा स्विच घ्यावा लागतो, ज्याच्या एका टोकाला सेल्फची वायर, एकाला इग्निशनची आणि एकाला पंपाच्या रिलेची वायर येते. सेल्फ मारताना पंप चालतो, नंतर ऑइलचा दाब असेपर्यंत चालतो, आणि इंजिन थांबून दाब उतरला की थांबतो.

याच्या जोडीला धक्का बसताच प्रवाह तोडणारा सुरक्षा स्विच लावावाच. तो ३० ते ८७ च्या मार्गात, म्हणजे पंपाकडे जाणाऱ्या वायरीत घालावा. रिले आतून चिकटला तरी मग तो पुरवठा तोडतो. जोराची धडक बसली की त्याच्या आतील गोळी जागा सोडते आणि वरची कळ दाबून पुन्हा बसवेपर्यंत प्रवाह सुरू होत नाही. तो उभा, कळ वर करून, बॉडीच्या घट्ट पत्र्यावर, चालकाचा हात पोहोचेल अशा जागी बसवावा. बसवण्यापूर्वी हातात धरून तळहातावर आपटून तो प्रवाह तोडतो की नाही हे पाहावे. एखादा छोटा बंद-चालू स्विचही डॅशबोर्डखाली देता येतो. गाडी महिनाभर उभी करताना आणि चोरीपासून बचावासाठी त्याचा उपयोग होतो.

जोडणी करताना वायरी पिळून वर टेप गुंडाळण्याची पद्धत टाळावी. वायरीच्या टोकाला योग्य मापाचे लग (धातूची जोडटोके) क्रिंप करावेत, म्हणजे दाबून बसवावेत, वर उष्णतेने आवळणारी नळी चढवावी. पत्र्यातून वायर नेताना रबरी ग्रोमेट हवाच. अर्थिंगची जागा कानसीने चकचकीत करून, दातेरी वॉशर घालून आवळावी आणि वर ग्रीस लावावे, कारण आपल्याकडचा पावसाळा उघडा पत्रा सोडत नाही. पंपाच्या वायरी पेट्रोलच्या पाइपाला बांधू नयेत.

तपासणी

लगेच इंजिन सुरू करण्याची घाई करू नये. टाकीत आठ-दहा लिटर पेट्रोल घालावे. पंप कोरडा फार वेळ चालू नये, कारण पेट्रोलच त्याला थंड आणि वंगणयुक्त ठेवते. कार्बोरेटरकडील नळी पत्र्याच्या डब्यात सोडावी, बॅटरी जोडावी आणि मोजून एक मिनिट पंप चालवावा. ठोके ओळखणारा रिले असेल तर या परीक्षेपुरती त्याची जागा सोडून पंपाला फ्यूजमार्गे तात्पुरता प्रवाह द्यावा लागेल. ठिणगी पडू नये म्हणून ही जोडणी डब्यापासून दूर, बॅटरीकडे करावी. मिनिटाला अर्धा लिटर मिळाले तरी पुरेसे आहे. त्यानंतर कार्बोरेटरजवळ कमी दाबाचे मापक टी-जोडणीने लावून दाब पाहावा. तो साडेतीन पीएसआयच्या वर जात असेल, तर रेग्युलेटर लावल्याशिवाय पुढे जाऊ नये.

मग नळी कार्बोरेटरला जोडून प्रत्येक सांधा कोरड्या पांढऱ्या कापडाने पुसून पाहावा. इंजिन सुरू झाल्यावर पाच मिनिटे उभ्या गाडीत चालवावे आणि कार्बोरेटरच्या कडेने ओल दिसते का, एक्झॉस्टमधून काळा धूर येतो का, हे पाहावे. दोन्हींचा अर्थ सुई-बैठक झिजली आहे किंवा दाब जास्त आहे असा होतो.

शेवटची परीक्षा थांबण्याची, आणि ती दिल्याशिवाय गाडी रस्त्यावर नेऊ नये. इंजिन बंद, किल्ली चालू : पंप एक-दोन सेकंदांत थांबला पाहिजे. मग इंजिन चालू असताना गाडी चौथ्या गिअरमध्ये, ब्रेक घट्ट दाबून, क्लच हळू सोडत बंद पाडावी : किल्ली चालू असूनही पंप थांबला पाहिजे. मग सुरक्षा स्विच हाताने धक्का देऊन बंद स्थितीत आणावा आणि इंजिन सुरू करावे : वाटीतील पेट्रोल संपताच ते बंद पडले पाहिजे. यांपैकी एक जरी चुकले तरी वायरिंग पुन्हा पाहावे.

रस्त्यावर

पहिले काही दिवस शहरातच फिरावे, रोज पार्किंगच्या जागी जमिनीवर डाग आहे का पाहावे. मग राष्ट्रीय महामार्गावरून वंटमुरी घाटाचा एक फेरा करावा. तिथे गाडी थांबवण्यास जागा मिळते आणि घर जवळ असते. चोर्ल्याला किंवा आंबोलीला त्यानंतरच जावे, आणि पहिल्यांदा तरी दुपारच्या उन्हात नव्हे. गाडीत एक जादा फ्यूज, एक रिले, अर्धा मीटर आर९ नळी, दोन क्लिपा आणि एक फिल्टर ठेवावा. घाटात गाडी बंद पडलीच तर आधी पंपाचा आवाज येतो का ऐकावे. आवाज नसेल तर फ्यूज, सुरक्षा स्विच आणि अर्थिंग या क्रमाने पाहावे. आवाज असून पेट्रोल येत नसेल तर मागचा फिल्टर बुजलेला असण्याची शक्यता अधिक.

गाडी पावसाळ्यासाठी उभी करताना टाकी काठोकाठ भरावी, म्हणजे ओलावा शिरायला जागा उरत नाही. शक्य झाल्यास पंधरा दिवसांतून एकदा इंजिन पूर्ण तापेपर्यंत चालवावे. दर वर्षी दसऱ्याच्या आधी रबरी नळ्या वाकवून चिरा पाहाव्यात, दोन्ही फिल्टर बदलावेत आणि वरच्या तिन्ही थांबण्याच्या परीक्षा पुन्हा द्याव्यात.